समितीला कॉलेज कोणी दाखवायचं

कॉलेजच्या नव्या समन्वयक बाई पहिल्यांदा स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा, इतिहासवाल्या सरांना विचाराल तर, भिंती थरथरल्या, पंखा फिरायचा थांबला आणि तसबिरीतल्या संस्थापक फादरांनी झग्याची बटणं चाचपून पाहिली. प्रत्यक्षात बाईंनी टेबलावर लॅपटॉप ठेवून "इथं प्लग कुठाय?" एवढंच विचारलं होतं. पण सरांनी तेव्हापासूनच त्यांच्याशी मनात दावा मांडला.

कॉलेज चर्चचं. दर पाच वर्षांनी त्याची श्रेणी ठरवायला बाहेरून समिती यायची आणि तिला कॉलेज दाखवायचा मान सरांचा. फेरफटका चॅपलपासूनच सुरू व्हायचा. दोन फादर, गळकी कौलं आणि एक उसनं गाढव एवढ्या भांडवलावर कॉलेज कसं उभं राहिलं, ही कथा सर अशी रंगवायचे की गाढवाच्या मरणाशी येईतो एखाद्या सदस्याचा रुमाल बाहेर आलेला असे. मग प्रयोगशाळा बघायला वेळच उरत नसे, आणि प्रयोगशाळेची अवस्था पाहता ते बरंच होतं. दर खेपेला 'अ' श्रेणी. सरांच्या मते ती गाढवाची आणि त्यांची स्वतःची पुण्याई.

यंदा प्राचार्य फादरांनी ते काम बाईंना दिलं.

"फादर, त्या काल आल्यात इथं!"

"म्हणूनच. त्यांना सगळं नीट दिसतं अजून. तुम्ही चहाच्या वेळी बोला की थोडं."

चहाच्या वेळी! ज्यानं गाढव अमर केलं, त्यानं आता बिस्किटांच्या जोडीला वाजायचं? घरी सर ताटावर बसले ते धुमसतच.

"बाईंनी रंगीत तक्ते केलेत म्हणे," बायकोनं काडी टाकली.

"तक्ते कसले, पतंग आहेत नुसते! कुणीही करील."

"मग अहो, तुम्ही का नाही केलेत?"

"भाजी अळणी झालीय."

"भाजीत मीठ आहे. जळून जळून तुमचीच चव गेलीय."

समिती आली. बाई तिला खोल्याखोल्यांतून फिरवत होत्या आणि सर खांबाआडून बघत होते. एका तक्त्यापाशी अध्यक्ष थबकले आणि म्हणाले, "वा!" तो 'वा' सरांच्या काळजात रुतला. हक्काचा 'वा' होता तो, आणि दिवसाढवळ्या पळवला होता.

चहा आला. अध्यक्षांनी कप उचलता उचलता सहज विचारलं, "सर, तुमच्या नियामक मंडळाचा कारभार कसा चालतो?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं: बैठका, चर्चा, माजी विद्यार्थ्यांचा सहभाग. पण बाईंचा पोपट व्हायचं? या जन्मी नाही!

"साहेब, शंभर वर्षांत आमच्या मंडळात एकदाही मतदान झालेलं नाही," सर छाती फुगवून म्हणाले. "विषय निघाला की बिशपसाहेब प्रार्थनेला डोळे मिटतात. त्यांनी डोळे उघडले की ठराव मंजूर. एकदा त्यांना डुलकी लागली, जागे झाले तर वसतिगृह मंजूर!"

अध्यक्ष खो खो हसले. "आणि माजी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी?"

"वारले बिचारे. पण त्यांच्या जागी दुसरा नेमायला कुणाचं मन धजेना. खुर्ची तशीच आहे, पुढ्यात चहाही ठेवतो. मत होकाराचं धरतो. हयातीत तरी कधी नाही म्हणाले होते?"

अध्यक्षांनी डोळे पुसले. रुमाल! सरांनी विजयी मुद्रेनं बाईंकडे पाहिलं. बाई चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. 'जळली!' सर मनात म्हणाले. समितीतला एक सदस्य भराभर लिहून घेत होता. गोष्ट आवडली असणार.

निकाल लागला. इतिहास उज्ज्वल, अध्यापन उत्तम, कारभार शून्य. श्रेणी 'ब'.

बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, गाढवाची गोष्ट मी चार तक्त्यांत बसवली होती. तुमच्या नावानं. अध्यक्ष 'वा' म्हणाले ते तिथंच."

सरांना त्या दिवशी चहाही कडू लागला.

मग मंडळानं पहिल्यांदाच मतदान घेतलं: समितीपुढे यापुढे कोणी बोलायचं? सगळी मतं बाईंना पडली.

पुढच्या खेपेला समिती आलीच नाही. तपासणी संगणकावरून झाली.