दिराची सही

माझ्याच वाडीत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मी चहाचा ट्रे धरून उभी होते. जमीन बघायला विरारहून आलेला माणूस माझ्या दिराशी बोलत होता. माझ्याकडे त्याने कप उचलण्यापुरतं बघितलं.

"मालक कोण?"

"मीच," दीर म्हणाला.

भुईगावातली ही वाडी सासऱ्यांनी हयातीतच दोन्ही मुलांना वाटून दिली होती. नवरा गेला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे आमच्या वाट्याच्या सातबाऱ्यावर माझं आणि मुलीचं नाव लागलं. मुलगी नालासोपाऱ्यात नर्स आहे. विहीर खारट झाली, केळी धरत नाहीत. वाडीलगतच्या सासरच्या घरात आम्हा दोघींना मागची खोली, तीही उपकाराची. वाडी विकून स्वतःचं घर घ्यायचं, असं आम्ही ठरवलं. या माणसाला फोनसुद्धा मीच केला होता.

ट्रे ओट्यावर ठेवला. म्हणाले, "मालक मी आहे. मी आणि माझी मुलगी."

दीर हसला. "वहिनी, तुमचं नाव दादाची आठवण म्हणून लावलंय. आठवण कोणी विकतं काय?"

सासू दारातूनच बोलली, "अर्नाळ्याची मासळीवाली. गोडं पानी हिनं आमच्या घरात बघितलं. हिला जमीन काय कळते?"

नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा ही वाडी मी शिंपली. केळीचे घड डोक्यावरून बाजारात नेले. तेव्हा मासळीवाली चालली.

तो माणूस उठला. "ताई, आधी घरातलं मिटवा. दिरांची सही आणा, मग बघू."

वसईत एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागद बघितले. "वाटणी झालेली आहे. मुलगी सज्ञान आहे. तुम्ही दोघी विका. दिरांचा संबंध नाही."

"मग सगळे त्यालाच का विचारतात?"

त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिले.

पुढचा आला, त्यानेही दिराची सही मागितली. त्याच्यानंतरचाही तसाच. एक एजंट तर माझ्यासमोर फोनवर म्हणाला, "बाई एकटी आहे. पुढे लफडं नको."

मग दीर स्वतःच खोलीत आला. "करतो सही. विहिरीकडची बाजू माझ्या नावावर करा."

मुलगी थकली होती. ड्यूटीवरून नुकतीच आली होती. "आई, देऊन टाक. सुटू एकदाच्या."

मलाही सुटायचं होतं. खोटं कशाला बोलू? तोंडातून हो निघणारच होतं. तेवढ्यात दीर मुलीला म्हणाला, "शहाणी आहेस. तुझ्या आईला समजव. बाईमाणसाच्या नावावर जमीन नुसती कागदावर असते."

मुलीने माझ्याकडे बघितलं. उद्या हिच्याही जमिनीवर कोणीतरी असाच खुर्ची टाकून बसेल. आज मी वाकले, तर वाकायचं कसं हे तिला मीच शिकवलं, असं होईल.

"भावोजी," मी म्हणाले, "तुमची सही मला नको. आजही नको, कधीच नको."

वाडी अजून विकली गेलेली नाही. दिराने गावभर सांगितलंय की जमीन भांडणातली आहे. आम्ही अजून त्याच मागच्या खोलीत राहतो. सासू माझ्याशी बोलत नाही.

पण आता गिऱ्हाईक आलं की खुर्चीवर मी बसते. मुलगी शेजारी बसते. पहिलंच वाक्य मी बोलते, "सह्या आम्हा दोघींच्या. तिसरी मिळणार नाही. चालत असेल तर बसा."

बरेच जण उठून जातात. जाऊ देत. एक जण बसेपर्यंत मी हेच म्हणणार आहे.