नांगर होडीतच पडून होता

इथले भुताखेतांचे अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय. खरं सांगू का... निम्म्याहून जास्त वाचून हसले आहे. आज स्वतःचा लिहायला बसले तर पहिल्या ओळीलाच अर्धा तास गेला.

मी हातकणंगल्यात मेडिकल दुकान चालवते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, आणि वडील म्हणतात तसं, देवांच्या मागोमाग भुतंही गेली. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की डॉक्टर, मशीन बंद पडलं की पाना. नजर लागणं, बाधा होणं हे शब्द मी शाळेत मैत्रिणींकडून ऐकले. तेव्हा ‘ही बाई मुळातच तसली’ असं कृपया कुणी समजू नका.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. सूतगिरणीत फिटर होते, आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. मासेमारीचा नाद पंचगंगेपासूनचा. रिटायर झाल्यावर त्यांना खाऱ्या पाण्यातल्या तांबोशी माशाचं वेड लागलं. दोन रॉड आणले, रील आणले, आणि दुकानाला सुट्टी असेल त्या रविवारी मला ड्रायव्हर म्हणून घेऊन जायला लागले. नंतर मलाही गोडी लागली. पहाटे निघायचं, राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, आठच्या सुमारास देवगडच्या अलीकडच्या एका खाडीवर पोचायचं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या होडीवाल्याचं पोट त्या खाडीवर आहे.

त्याचं नाव गजाकाका. साठीचा माणूस, चाळीस वर्षं त्याच पाण्यात. फायबरची छोटी होडी, मागे लावायचं इंजिन.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली, म्हणजे उधाण. भरती मोठी, ओहोटीही तेवढीच जोराची. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन पाणी हिरवट झालेलं, हात घातला तर कोमट लागायचं. वारा नव्हता. अशा दिवशी भरतीच्या पाण्याबरोबर मासा समुद्रातून आत येतो आणि खडकाच्या कडेला लागतो. आम्ही खाडीच्या तोंडाजवळ, दक्षिणेच्या कड्याखाली नांगर टाकला होता. कडा आमच्यापासून साठ-सत्तर फुटांवर. पण खाली तीन पुरुष खोल पाणी, कारण खाडीचा मुख्य प्रवाह तिथूनच जातो. कोळंबी लावून बाराच्या आत तीन तांबोश्या काढल्या. आप्पा खुशीत होते.

बारा वाजून गेल्यावर ओहोटी सुरू झाली, पाणी उलटं वाहायला लागलं. गजाकाका म्हणाला, “चला. सुकती लागली. अर्धा पाणी उतरला की तोंडावर लाटा उभ्यो रवतत, मगे हय थांबाचा नाय.”

त्याने नांगर ओढून घेतला. हे मी मुद्दाम लिहितेय. नांगर माझ्या पायाशी ठेवला, त्याचा चिखल माझ्या चपलेला लागला. मग त्याने इंजिन चालू केलं.

होडी हलली नाही.

इंजिन पूर्ण जोरात. मागे पाणी घुसळून पांढरं झालेलं. कडा मात्र जागच्या जागी. गजाकाकाने दोनदा जोर वाढवला, मग चिडून इंजिन बंद केलं. आता तर ओहोटीने होडी समुद्राकडे वाहायला हवी होती... तीही गेली नाही. पाणी नाकाशी येऊन फुगत होतं, दोन्ही बाजूंनी सळसळत निघून जात होतं, आणि आम्ही त्याच्या मधोमध खिळ्याने ठोकल्यासारखे. माझी लाईन पाण्यात राहिली होती. रीलवरून ती सरसर सुटत गेली, समुद्राच्या दिशेने, पार संपेपर्यंत.

“बुडाला कायतर अडकलंय,” आप्पा म्हणाले. “जुनं जाळं असंल.”

गजाकाकाने बांबू खाली घातला. तळ लागला नाही.

मग आप्पांनी त्यांच्या पद्धतीने काम सुरू केलं. इंजिनाचा पाय वर उचलून घेतला. एक दोरी नाकाखालून घातली, एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. दोघं दोन काठांनी हळूहळू मागे सरकत गेलो. होडीच्या बुडाला काहीही लागलेलं असतं तर दोरी तिथे अडली असती. ती नाकापासून शेपटीपर्यंत घासत गेली आणि मोकळी बाहेर आली. आप्पांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

आप्पा फळीवर बसले. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, प्यायले नाहीत, नुसते बघत राहिले. मीही बघितलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली... चहा हलत नव्हता. पाण्यातली होडी कधीच पूर्ण थांबत नाही, बांधलेली असली तरी डुलते. ही आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीसारखी थांबली होती.

गजाकाकाने कड्याकडे तोंड करून हात जोडले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. एरवी आप्पा अशा वेळी एखादं वाक्य टाकतातच. त्या दिवशी त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

“काका, असं आधी कधी झालंय?” मी विचारलं.

“चाळीस वर्सां झाली गो बाय. असा कधी बघूक नाय.”

फोनला रेंज येऊन जाऊन होती. वाडीतल्या बाकीच्या दोन्ही होड्या समुद्रात गेलेल्या. शेवटी गजाकाकाचा फोन त्याच्या बायकोला लागला, सुमनकाकूला. “खडपावर ये. दोरी घेवन ये,” एवढंच तो बोलू शकला आणि फोन कट झाला.

ती येईपर्यंतचा तास मला अजून नीट सांगता येत नाही. ऊन डोक्यावर. प्यायचं पाणी अर्धी बाटली. जमीन एवढी जवळ की खडकावरचे खेकडे दिसायचे. आप्पा रंकाळ्यात, पंचगंगेत पोहलेले, पण त्या धारेत उडी मारली असती तर काठाला लागण्याआधी तोंडावर पोचले असते. आणि तोंडावर आता खरोखर लाटा उठायला लागल्या होत्या. बाहेरून येणारी लाट ओहोटीच्या पाण्याला भिडायची आणि भिंतीसारखी उभी राहायची. हे जे काही आम्हाला धरून होतं, त्याने आत्ता सोडलं आणि इंजिन चालू झालं नाही, तर आम्ही सरळ त्या भिंतीत जाणार होतो. म्हणजे धरून ठेवलंय म्हणूनही भीती, आणि सोडेल म्हणूनही.

दोनच्या पुढे सुमनकाकू उघड्या पडलेल्या खडकांवरून खाली उतरली. तिच्या खांद्यावर दोरी होती, पण फेकली तर निम्म्यातही पोचेना. तेव्हा आप्पांनी रॉड उचलला. सगळ्यात जड शिसं बांधलं आणि पलीकडे फेकलं. ते तिच्या मागच्या खडकावर जाऊन आपटलं. तिने लाईनवर पाय दिला. लाईनीला आम्ही आमची दोरी बांधली, तिने ती ओढून घेतली आणि एका खडकाच्या सुळक्याला तीन वेढे मारले. दुसरं टोक होडीच्या नाकाला.

आम्ही तिघांनी मिळून ओढलं. माझ्या तळहाताची साल निघाली. होडी तसूभरही सरकली नाही.

“सुजे,” आप्पा म्हणाले, “लाईफ जाकीट घट्ट कर. दोरीला धरून तू पयली जा.”

“तुम्हाला सोडून मी जाणार नाही.”

“वाद घालू नगंस!”

“घालणार! तुम्हाला शुगर आहे, सकाळपासून तुम्ही दोन बिस्किटांवर आहात. तुम्ही आधी.”

आम्ही दोघं त्या होडीत अक्षरशः भांडलो. मी रडत होते. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांवर ओरडले. गजाकाका म्हणत होता, “पाण्यात कोण उतरू नकात, माजा ऐका...” पण त्याचं ऐकायला कुणी शुद्धीत नव्हतं.

शेवटी आप्पा शांत झाले. म्हणाले, “बरं. मी पयला जातो. माझं वजन पेललं दोरीनं, तर तुझं पेलंलच की. टेस्टिंग म्हण.”

ते होडीच्या कडेवरून पाण्यात उतरले. दोरी काखेत घेतली. एक हात अजून होडीच्या काठावर होता. माझ्याकडे बघून मान हलवली आणि तो हात सोडला.

त्याच क्षणी होडी सुटली.

हिसका एवढा होता की मी पडले. ओहोटीने होडी समुद्राकडे ओढली, नाकाला दोरी बांधलेली, त्यामुळे ती गोल फिरत कड्यावर जायला लागली. आप्पा त्याच दोरीवर, मध्येच. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलेलं मी पाहिलं. सुमनकाकू कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तिने त्यांच्या जाकिटाचा पट्टा धरून त्यांना खडकावर ओढून घेतलं. गजाकाकाने इंजिन खाली सोडलं, पहिल्याच झटक्यात ते चालू झालं, आणि होडी कड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने सुरीने दोरी कापली. आम्ही आत, खाडीत निघालो. होडी नेहमीसारखी डुलत होती. लवंडलेलं थर्मासचं झाकण इकडून तिकडे घरंगळत होतं.

आप्पा खडकावर बसले होते. कालवांच्या शिंपांनी दोन्ही नडग्या सोलवटलेल्या. गजाकाकाने होडी शक्य तितकी जवळ नेली आणि हाक मारली. आप्पांनी लांबूनच हात हलवला.

“न्हाय. मी चालत येतो.”

सुमनकाकूबरोबर कडा चढून, लंगडत ते वाडीत आले. मी त्यांच्या पायाला ड्रेसिंग केलं. गजाकाकाने त्या दिवशीचं भाडं घेतलं नाही. निघताना मी त्याला एकटं गाठून विचारलं, तर म्हणाला, “माका इचारू नकात.” त्याची होडी आजही त्याच खाडीत चालते, पुन्हा तसं काही झालं नाही, असं सुमनकाकू फोनवर सांगते.

राधानगरी आल्यावर गाडीत आप्पा म्हणाले, “मी उतरलो म्हणून सुटली व्हय?”

“काहीतरीच काय आप्पा. योगायोग.”

“मग धरलं कशानं हुतं?”

मी समुद्राचा अभ्यास केलेल्या एका मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती भोवऱ्यांबद्दल बोलली, वरचं पाणी एका दिशेला आणि खालचं दुसऱ्या दिशेला जातं त्याबद्दल बोलली. मी ऐकून घेतलं. पण बुडाखालून मोकळी आलेली दोरी? न हलणारा चहा? त्यावर तिने पुन्हा भोवऱ्यांपासूनच सुरुवात केली. आप्पांनी वहीत होडीची चित्रं काढली, बाण काढले, खोडले. मीही अजून अंधारात आहे. भूत म्हणायला जीभ वळत नाही, आणि दुसरा शब्द सापडत नाही.

मासेमारी सुटली, त्याचं मला फार नाही. वेगळंच काहीतरी झालंय. गेल्या महिन्यात आम्ही दोघं कोल्हापूरहून वडापच्या जीपने येत होतो. आमच्या गावाच्या अलीकडे गाडी बंद पडली. ड्रायव्हर चावी फिरवतोय, गाडी घर्रघर्र करतेय, लोक वैतागलेले. आप्पा काही न बोलता उठले, माणसांतून वाट काढत खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला वीस पावलं लांब जाऊन उभे राहिले. गाडीकडे पाठ करून.

ड्रायव्हरने पुन्हा चावी फिरवली. गाडी चालू झाली.

“ओ पावणं, या की! झाली चालू!” तो ओरडला.

आप्पांनी मागे न बघता, जावा, असा हात केला.

गाडी जुनी होती. ती कुणी उतरलं नसतं तरी चालू झाली असती, हे मला माहीत आहे. मी ड्रायव्हरला थांबू नका म्हटलं आणि खाली उतरले. आप्पांच्या हातातली पिशवी घेतली. घरी पोचायला आम्हाला पाऊण तास लागला.