पंप कुठे आहेत?

गल्लीत त्यांना सगळे पंपकाका म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी कारखान्यांतले पंप दुरुस्त केले. गुडघे गेले तशी नोकरी सुटली, पण कान शाबूत होते. परदेशातले कारखाने बिघडलेल्या पंपाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवत. काका जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून बसत आणि कळवत, "मागचं बेअरिंग गेलंय," नाहीतर "पाण्यात हवा शिरतेय." शेजारीण म्हणायची, "काकूंनी हाक मारली की ऐकू येत नाही, सातासमुद्रापारचा पंप मात्र बरोबर ऐकू येतो!"

या सल्ल्याची बिलं आणि सेवाकराची विवरणपत्रं थोरली मुलगी बघे. तिचा हिशेब सरळ होता: गिऱ्हाईक परदेशातलं, मग कर शून्य.

पुढे एका परदेशी कंपनीने काकांच्याच शहरातल्या कापडगिरणीला आपले पंप भाड्याने दिले आणि देखरेखीचा सल्ला काकांकडे सोपवला. काका खूश. तीन वर्षं ते काठी टेकत, बस पकडून गिरणीत जात आणि अहवाल परदेशात पाठवत. पैसे तिकडूनच येत. थोरलीने नेहमीप्रमाणे शून्य भरलं.

चौथ्या वर्षी नोटीस आली. सुनावणीला बापलेक गेले. अधिकारी बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी काकांना आधी बसायला खुर्ची दिली.

"काका, पंप कुठे आहेत?"

"गिरणीत."

"आणि गिरणी?"

"इथंच की. पुलापलीकडे."

"मग कर लागतो. वस्तू इथे, तपासणी इथे. गिऱ्हाईक कुठे बसतं, याला अर्थ उरत नाही."

थोरली उसळली, "पण मॅडम, आम्ही काही लपवलं का? बिलं, बँकेचे कागद, सगळं समोर आहे!"

"मला पटतंय गं," बाई म्हणाल्या. "पण माझ्या पटण्याला या फॉर्मात रकाना नाही."

तीन वर्षांचा कर, वर व्याज, वर दंड. कंपनीला लिहिलं, तर दोन ओळींचं उत्तर आलं: ठरलेल्या रकमेत सगळे कर धरलेले आहेत. महिन्याभरात कंपनीने काम दुसऱ्याला दिलं. अपिलात दंड तेवढा सुटला. बाकीचं भरताना गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे गेले.

काकांनी धसकाच घेतला. नवा आवाज आला की ऐकायच्या आधी ते विचारत, "पंप कुठे आहे? नक्की तिथेच ना? कागद पाठवा." गिऱ्हाइकं वैतागली, एकेक करून गळाली. उरलेल्या दोघांना काकांनी स्वतःच नाही म्हटलं.

एका दुपारी थोरली त्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, एकदा तरी ओरडा माझ्यावर."

"कशाला? तुझी काय चूक?"

"होती. एकदा कुणाला तरी विचारायला हवं होतं मी."

काका तोंड उघडणार होते. पण ती खरं बोलत होती आणि त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. थोरली थोडा वेळ थांबली आणि उठून गेली.

वर्षअखेरीस तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. दर रविवारी तिचा फोन येतो. तब्येत, भाजीचे भाव, शेजारच्यांचं भांडण, सगळं बोलून होतं. मग दोघांनाही काही सुचत नाही आणि काका म्हणतात, "थांब हं, आईला देतो."