मामांचं 'मायसेल्फ'

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी कामठ्याला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील... मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे गावात नवलच होतं.

मुलगा गप्प होता. बोलत होते ते त्याचे मामा, गोंदियातल्या कुठल्याशा कचेरीतले हेडक्लार्क. मी बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "व्हॉट इज युवर गुड नेम?"

गुड नेम? म्हणजे घरच्यांनी एखादं वाईट नावही ठेवलंय की काय! तरी मी नीट उत्तर दिलं, "माय नेम इज सुमन."

"नो, नो! 'मायसेल्फ सुमन' म्हणायचं. बडे लोक असंच बोलतात. बोल!"

माझं डोकंच फिरलं. याच एका 'मायसेल्फ'पायी आमच्या मास्तरांनी अख्खा वर्ग बाकावर उभा केला होता... आणि आता लग्नासाठी मी तेच म्हणायचं?

"ते चूक आहे. मी नाही म्हणणार."

ओसरीच्या दाराआड आईनं कपाळाला हात लावला. स्थळ चांगलं होतं हो... धानाची शेती, मुलाला नोकरी.

मामा बाबांकडे वळले. "पाटील, पोरगी लय तोंड चालवून राहिली. सांगा तिले."

बाबांचा जन्म धानाच्या बांधीत राबण्यात गेलेला, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आता मला बोलणी बसणार, असंच वाटलं. पण त्यांनी फक्त विचारलं, "बाई, पक्कं चूक आहे ना ते?"

"हो, बाबा."

"मंग कायले म्हणन ती?" बाबा मामांना म्हणाले. "शिकाले धाडलं मी तिले. शिकलेलं पुसाले नाई."

पाहुणे चहाला हात न लावता उठले. स्थळ मोडलं. "एक शब्द म्हटला असता तर तोंड झिजलं असतं का?" असं काकू कितीतरी दिवस ऐकवत होती. माझं लग्न पुढे चांगल्या घरी झालं, तरी त्या मामांचा राग काही गेला नाही... आज हे टाइप करतानाही 'मायसेल्फ'ची बटणं जरा जोरातच आपटली.

पण बाबा... त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. माझ्या एका 'हो'वर ते भर ओसरीत माझ्या बाजूनं उभे राहिले. एवढा विश्वास पुढे माझ्यावर कुणीच टाकला नाही.