आपट्याची फेरारी, आपट्याची मासेराती

कमळाकर भोपी कळंबोलीच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचा. रविवारी मात्र तो विचुंब्याच्या घरून निघून एसटीने आपट्याला जायचा, चारुदत्त दिघ्यांच्या फार्महाऊसवर. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये १९६९ची मासेराती गिब्ली आणि १९७१ची फेरारी डेटोना उभ्या असत. बारा वर्षं त्या त्याच्याच हाताखाली होत्या. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी मनस्वी लग्न होऊन सुरतेला. कामाव्यतिरिक्त त्याच्याशी बोलणारं माणूस म्हणजे दिघे. शेडच्या दारात खुर्च्या टाकून दोघं भांडत. दिघे फेरारीच्या बाजूने, हा मासेरातीच्या.

१९९४च्या जानेवारीत दिघे वारले. मार्चमध्ये त्यांचा मुलगा सत्यजीत मुंबईहून आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

“काका, एकच ठेवणार, दुसरी विकणार. बाबा म्हणायचे, गाड्यांचं कमळाकरला विचार. कुठली ठेवू?”

“ठेवनार कुठं?”

“फेरारी असेल तर वरळीला नेईन. तिथे गॅरेज आहे, माणूस आहे. मासेराती राहील इथेच. तुम्ही आहातच.”

म्हणजे मासेराती म्हटलं की रविवार शाबूत. कमळाकरने दोन्ही किल्ल्या उचलल्या. “चला, बसा.”

आधी त्याने मासेराती काढली. मागे ट्रकसारखेच पाटे. त्यातला एक त्याने कळंबोलीतच बनवून घातला होता. बसायला ऐसपैस. पुण्याला जाऊन परत यावं, पाठ कुरकुरत नाही. मग फेरारी. सावकाश चालवताना स्टिअरिंग जड, क्लच दाबून मांडी भरून येते. पण मोकळा रस्ता मिळाल्यावर बारा सिलिंडर एका दमात ओढू लागले, आणि मागचं प्रत्येक चाक आपला खड्डा आपणच सोसत गेलं.

परत आल्यावर सत्यजीत हसला. “तुमचा चेहरा मासेरातीत खुलला होता हं.”

“चालवायची तर तीच. पन तुमाला चालवायची नाय, ठेवायची हाय. जगभर शौकीन मानसं मागतात ती फेरारी. तीच ठेवा.”

“मग बाबांशी इतकी वर्षं कशाला भांडलात?”

“तुमचे बाबा बरोबर होते. मी त्यांना तसं बोललो नाय.”

“का?”

“बोललो असतो तर पुढच्या रविवारी काय बोलनार?”

सत्यजीतने मान हलवली आणि घड्याळ पाहिलं.

गुरुवारी फेरारी वरळीला गेली. मासेराती पुण्याच्या एका संग्राहकाने घेतली. तिला पेट्रोलच्या टाक्या दोन, झाकणं दोन, दोन्ही भरायच्या, हे कमळाकरने त्याला दाखवलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि तो निघाला.

सोमवारी कमळाकरने कळंबोलीच्या मालकाला विचारलं, रविवारी गॅरेज उघडू का.

“रविवारी कोण मरायला येतंय इथं?” मालक म्हणाला.

“नाय आला कोन तरी चालेल,” कमळाकर म्हणाला.