शोभाबाईंच्या पडवीतली चिमण्यांची पिल्लं

आमच्या कोरीटच्या शोभाबाईंची सारी नोकरी नंदुरबारच्या एका दवाखान्यात रक्त काढण्यात गेली. लेकरांच्या हाताला सुई लावताना त्या अशा काही गप्पा मारायच्या की रडायचं राहूनच जायचं. निवृत्त होऊन गावी आल्या तेव्हा मात्र पार कंटाळल्या. घरात बोलायला काकू गजराबाई, आणि काकूंना अर्धं ऐकू येत नव्हतं.

अशात पुण्याहून रोहिणी आली. विद्यापीठात चिमण्यांवर संशोधन करणारी. परवानगीचे कागद घेऊन तिने आमच्या गावातल्या पडव्यांना लाकडी खोकी टांगली. शोभाबाईंच्या पडवीत चिमण्या आधीपासूनच नांदत होत्या, म्हणून ती तिथेच राहिली.

"मावशी, पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात," रोहिणीने सांगितलं. "वय वाढतं तशी ती टोकं झिजतात. काहींची जन्मतःच लांब असतात. ती लांबी आईकडून येते, बापाकडून येते, की घरट्यात जसं पोषण होतं त्यावर ठरते, ते मला बघायचंय."

त्यासाठी पिल्लाच्या पंखातून रक्ताचा एक थेंब हवा होता. पिल्लू कसं धरायचं ते रोहिणीने शिकवलं. शोभाबाईंचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा जमलं. दोघींची जोडी छान बसली.

मग रोहिणी म्हणाली, "आता दोन घरट्यांतलं एकेक पिल्लू अदलाबदल करायचं. म्हणजे जन्मातून किती येतं आणि पोषणातून किती, ते कळेल."

शोभाबाईंनी हात मागे घेतला. "ते मी नाही करणार. माझी आई बाळंतपणात गेली, म्हणून मी काकूच्या मांडीवर आले. तो नाइलाज होता. या पिल्लांची आई तर जिवंत आहे."

बाजेवर बसलेल्या गजराबाईंना नेमकं हेच ऐकू आलं. त्यांनी आपल्या तान्ह्या मुलाबरोबर शोभाबाईंनाही अंगावर पाजलं होतं.

"मी तुले पाजं ना? मरनी का तू?" त्या अहिराणीत कडाडल्या. "पोट भरनारी भेटनी म्हंजे पिल्लू जगस. बदली दे!"

चिमणीने चारा दिला नाही तर लगेच पिल्लू परत ठेवायचं, या अटीवर शोभाबाई तयार झाल्या. पिल्लं बदलून त्या आणि रोहिणी मिरचीच्या पोत्यांआड बसल्या. बराच वेळ चिमणी आलीच नाही. शोभाबाई पिल्लू परत ठेवायला उठू लागल्या. शेवटी ती चोचीत अळी घेऊन आली, खोक्याच्या तोंडाशी जरा थबकली. आतून सगळ्या चोची एकदम उघडल्या. चिमणीने अळी घातली ती थेट डोक्यावर रंगाचा ठिपका लावलेल्या परक्या पिल्लाच्याच तोंडात.

"चारी ऱ्हायनी व माय!" शोभाबाईंनी टाळी वाजवली. चिमणी भुर्रकन उडाली.

"मावशी, हळू!" म्हणता म्हणता रोहिणीच मोठ्याने हसली.

बदललेली पिल्लं वाढली, पंख फुटले आणि घरच्या भावंडांबरोबर उडूनही गेली. त्या दिवशी शोभाबाईंनी शेजारीपाजारी गूळ वाटला.

थंडीत रोहिणी निकाल सांगायला मुद्दाम आली. "आपल्या पिल्लांची टोकं बरीचशी जन्मदात्या आईवर गेलीत. पण जिथे चारा भरपूर मिळाला तिथे ती कमी झिजलीत. इतक्या थोड्या घरट्यांवरून नियम मात्र नाही सांगता येणार."

शोभाबाईंनी ते काकूंच्या कानाशी जाऊन अहिराणीत ओरडून सांगितलं. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "खरं शे. तुन्हं नाक तुन्ही मायनं शे. पन जीभ मन्ही शे!"

शोभाबाईंना हसता हसता ठसका लागला. मग त्यांनी काकूंच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

यंदा त्या शेजारच्या गावांतही खोकी टांगत फिरतात. वाटेत कुणीतरी हाक मारतंच, "चिडीसनी डॉक्टरीन उनी रे!" आणि चिमण्यांची डॉक्टरीण झालेल्या शोभाबाई खुशाल मान डोलावतात.