गोदावरीत गेलेला सहावा अल्बम

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला सरळच विचारलंत, "आजी, तू बाबाचा गाण्यांचा अल्बम नदीत टाकलास?" मागे तुमचा बाबा हसत होता, पण ते हसू मला खरं वाटलं नाही. हा संशय त्याच्या मनात बारावीपासून आहे. आता नांदेडचं घर आवरून मी लातूरला तुमच्या आत्याकडे राहायला निघाले आहे. खोकी उघडते आहे, तेव्हा हेही नीट लिहून ठेवते.

तुमचा बाबा अकरावी-बारावीला लातूरला खोली घेऊन राहत होता. आमच्याकडची बरीच मुलं डॉक्टर व्हायला तिकडेच जात. एके दिवशी घरमालकीणबाईंचा फोन आला.

"बाई, पोरगं चांगलं हाय हो तुमचं. पण खोलीत कायतरी भलतंच लावून बसतंय. त्यात माणूस गाऊन न्हाई राहिला, गुरगुरून राहिलाय. आमच्या सुनेला दिवस गेलेत, म्हणून म्हणलं."

सहामाहीचे मार्क घसरलेलेच होते. दिवाळीच्या सुटीला तुमचे आजोबा स्वतः गेले आणि मुलाला त्याच्या खोक्यासकट घेऊन आले. खोक्यात एक सीडी प्लेअर आणि सहा अल्बम होते. एकाच्या कव्हरवर कवट्यांचा डोंगर, एकावर कातडी सोललेला माणूस, आणि एकावर तर तोंडच नसलेलं काहीतरी बसलेलं. बँडची नावं बाभळीच्या काट्यांसारखी लिहिलेली. मी इंग्रजीत एम.ए., पण मला एकही वाचता आलं नाही.

"या संगीताला टेक्निकल डेथ मेटल म्हणतात," तुमचा बाबा म्हणाला.

"डेथ म्हणजे मरण ना?" आजोबांनी मला विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्यांचा निर्णय झाला. फाटकी पोथी किंवा देवाची फुटकी तसबीर घाटावर नेऊन गोदावरीत सोडतात, तसं हे सोडायचं. कचऱ्यात का नाही, असं मी विचारलं.

"कचऱ्यात टाकलं तर कुणाच्या दारात जाऊन पडंल?"

मी म्हटलं, आधी यातली गाणी मला वाचू द्या. दिवाळीचे पाहुणे येणार होते, म्हणून शाळेच्या पुस्तकांना घालतो तशी सहाही अल्बमना खाकी कव्हरं घातली आणि लेबलं लावली. नावं वाचता येत नव्हती, तेव्हा मुलाला विचारून देश लिहिले: फ्लोरिडा, कॅनडा, हॉलंड वगैरे. फ्लोरिडा देश नाही हे मला माहीत होतं, पण अमेरिकेचे दोन होते.

मग कानाला हेडफोन लावून, गाण्यांच्या पुस्तिकेवर बोट ठेवून मी एकेक अल्बम ऐकला. छापलंय एक आणि म्हणतोय दुसरंच, अशी माझी खात्री होती. तिसऱ्यांदा ऐकताना ओळींचे शेवट सापडू लागले. माणूस खरंच छापलेलंच म्हणत होता. कुजणारं शरीर, युद्ध, यंत्रं, मेल्यावर पुढे काय, असले विषय. मंत्र-तंत्र कुठे नव्हते. मोठमोठ्या शब्दांचा सोस मात्र भारी. हॉलंडवाल्याचा एक शब्द मला शब्दकोशात पाहावा लागला.

"आई, ही नुसती आदळआपट नाही," तुमचा बाबा म्हणत राहिला. "यातला प्रत्येक ठोका ठरलेला आहे. फ्लोरिडाच्या यात मध्येच जॅझ येतो. आणि कॅनडाचा अल्बम तर जगभर मानतात."

"ठरलेला हाय?" आजोबा म्हणाले. "दाव मग. चुकलास तर सगळे घाटावर."

बोर्डाच्या परीक्षेला मी बरीच वर्षं सुपरव्हिजन केलेलं, त्यामुळे कॉप्या कशा होतात ते मला ठाऊक होतं. मी मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि पुढ्यात पाट दिला. प्लेअर आजोबांच्या मांडीवर. ते मन मानेल तिथे गाणं थांबवणार, याने पुढचे ठोके पाटावर वाजवायचे, मग गाणं सुरू करून ताडून पाहायचं.

पहिला बरोबर आला. दुसराही आला. आजोबांनी गाणं मागे नेलं, पुढे नेलं, अल्बम बदलला.

"तुम्ही मायलेक ठरवून बसलाव का? डोळे मीट रे."

"अण्णा, डोळ्यांनी ऐकतं का कुणी?"

कॅनडाच्या अल्बमात एका ठिकाणी त्याचा हात वरच राहिला. "अडकला," आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं. त्यांनी बटण दाबलं. गाण्यातही ढोल थांबलेलेच होते, एकटी बास गिटार वाजत होती. मग ढोल आले आणि त्याच क्षणी याचा हात पाटावर पडला.

आजोबांनी प्लेअर खाली ठेवला. "ठेव तुझे. पण देवघराच्या खोलीत न्हाई."

अल्बम खोक्यात भरताना तो थांबला. पाचच होते. हॉलंड नव्हता, तो तोंड नसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण आठवडाभर सगळे माझ्याच ताब्यात होते. मला वाटलं, परीक्षेला अवघड म्हणून यानेच लपवला. आजोबा सुपारी कातरत होते, आणि बराच वेळ कातरतच होते.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. "अहो, सहावा कुठाय?"

"सकाळी घाटावर गेलतो."

"मग त्याला सांगा की."

"तूच सांग. तुझं ऐकतो तो."

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण आई अण्णांवर ढकलते आहे, असंच त्याला वाटलं. आजोबांनी स्वतः तोंड उघडलं नाही, आणि आता त्यांना विचारायची सोय नाही. तो डॉक्टर झाला नाही, त्याचा दोष मी फ्लोरिडावर ठेवत नाही. ते संगीत मला अजून आवडत नाही, आणि त्या कव्हरांवर माझा अजून विश्वास नाही. पण मला टाकायचाच असता, तर त्यातला शब्द मी शोधत बसले नसते, एवढं बाबाला सांगा.

पाच अल्बम खाकी कव्हरांसकट खोक्यात आहेत. प्लेअर चालत नाही. हॉलंडच्या अल्बमची पुस्तिका माझ्या इंग्रजी शब्दकोशात आहे, त्या शब्दाच्याच पानाशी.